औषध-चाचण्यांच्या आकडेवारीचे विश्लेषण व त्याचे नियमन : भायखळ्याच्या तुरुंगापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

प्रस्तावना

नवे औषध गुणकारी आहे किंवा नाही याचा निर्णय आज एकट्या वैद्याच्या अनुभवावर सोपविला जात नाही. शेकडो, प्रसंगी हजारो रुग्णांवर पद्धतशीरपणे घेतलेल्या चाचणीतून जी आकडेवारी हाती येते, तिच्या आधारे हा निर्णय होतो. चाचणी घेणे आणि तिच्या आकडेवारीचा अर्थ लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामासंबंधी, म्हणजे रुग्णाची संमती, नैतिक समित्यांची जबाबदारी, नुकसानभरपाई यांसंबंधी न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत पुष्कळ चर्चा झालेली आहे. दुसरे काम मात्र बंद खोलीत, तक्त्यांच्या आणि संगणकाच्या साहाय्याने चालते. त्यामुळे सामान्य वाचकाचेच नव्हे, तर अनेक डॉक्टरांचेही तिकडे लक्ष जात नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने औषधविषयक निर्णयांना आधार म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर कसा व्हावा यासंबंधी मार्गदर्शक सूचनांचा मसुदा प्रसिद्ध केला. युरोपीय औषध संस्थेने त्याच विषयावरील आपले विचारपत्र त्यापूर्वी सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीकारले होते. या दस्तऐवजांकडे सर्वस्वी नव्या युगाचे नवे कायदे म्हणून पाहण्याची प्रवृत्ती दिसते. ती इतिहासाला धरून नाही. आकडे पाहिल्यानंतर त्यांचा अर्थ लावणाऱ्याला किती मोकळीक असावी, हा या दस्तऐवजांमागील मूळ प्रश्न आहे आणि तो किमान सव्वाशे वर्षे जुना आहे. गणित हाताने केले की यंत्राने, हा भाग दुय्यम होय. या प्रश्नाला वेळोवेळी कोणती उत्तरे दिली गेली आणि त्यातील कोणते उत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे अपुरे पडते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

भायखळ्याचा तुरुंग आणि प्लेग कमिशन

इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्भव झाला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची प्रतिबंधक लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात रोग शिरला, तेव्हा तेथील जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांना लस देण्यात आली व उरलेल्यांना देण्यात आली नाही. दोन्ही गट एकाच छताखाली राहत होते, एकच अन्न खात होते. तुलनेसाठी इतकी अनुकूल जागा शहरात अन्यत्र मिळणे अशक्य होते. लस घेतलेल्यांत रोगाचे व मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले.

परंतु हिशेब मांडताना अडचण आली. टोचणीच्या दिवशीच ज्यांच्या अंगी रोगाची लक्षणे दिसली, त्यांना कोणत्या रकान्यात घालावयाचे? त्यांना संसर्ग आधीच झालेला असणार, म्हणून ते लसीचे अपयश मानता येत नाही, हा युक्तिवाद वैद्यकदृष्ट्या बिनचूक आहे. तथापि, कोणाला वगळावयाचे हे चाचणीपूर्वी लिहून ठेवलेले नव्हते; परिणाम डोळ्यांसमोर आल्यानंतर ते ठरले. शिवाय स्वखुशीने लस घेणारा कैदी आणि ती नाकारणारा कैदी हे प्रकृतीने व स्वभावाने सारखेच असतात, असे गृहीत धरण्यासही आधार नव्हता.

सरकारने १८९८ मध्ये नेमलेल्या भारतीय प्लेग कमिशनने हाफकिन यांच्या आकडेवारीची तपासणी केली. टोचणीमुळे रोगाचे प्रमाण कमी होते हे कमिशनने मान्य केले. मात्र आकडे गोळा करण्याच्या व मांडण्याच्या पद्धतीतील अचूकतेविषयी त्याने गंभीर शंका नोंदविल्या. औषधाचा कर्ता एक, त्याची आकडेवारी तपासणारा दुसरा, ही आज आपण गृहीत धरतो ती विभागणी येथे प्रथमच दिसली असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु मुंबईच्या भूमीवर तिचे हे एक आरंभीचे आणि स्पष्ट उदाहरण आहे, यात शंका नाही. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. लसीची कीर्ती मुंबईकरांच्या स्मरणात राहिली. आकडेवारीवरील तो वाद मात्र अहवालांच्या पानांतच राहिला.

तीन वाचक आणि क्ष-किरण चित्रे

परिणाम पाहून मग निकष ठरविण्याचा धोका टाळण्याची पहिली परिपूर्ण योजना ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत अमलात आणली. ३० ऑक्टोबर १९४८ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून १०७ रुग्णांचे दोन गट पाडले. ५५ जणांना औषध व अंथरुणातील विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे मोहोरबंद लिफाफ्यात होते. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ व दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले.

ही आकडेवारी पाठ्यपुस्तकांतून नेहमी दिली जाते. तिच्याइतकाच महत्त्वाचा असलेला एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. मृत्यू मोजणे सोपे आहे, कारण तेथे मतभेदाला जागा नसते. फुप्फुसाची सुधारणा मोजणे तसे नाही. क्ष-किरण चित्रातील सावली फिकट झाली की नाही, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. म्हणून ती चित्रे दोन क्ष-किरणतज्ज्ञ व एक चिकित्सक अशा तिघांनी स्वतंत्रपणे वाचली आणि चित्र कोणत्या गटातील रुग्णाचे आहे हे त्यांपैकी कोणासही सांगितलेले नव्हते. जेथे मत भिन्न पडले तेथे त्यांनी नंतर एकत्र बसून निर्णय केला. मानवी नजर हेही मापनाचे एक साधन आहे, ते चुकते आणि पक्षपात करते, म्हणून त्यालाही नियम हवेत, ही जाणीव या योजनेत आहे. सत्याहत्तर वर्षांनंतर यकृताच्या एका रोगाच्या संदर्भात हेच तीन वाचक पुन्हा भेटतात. त्याचा उल्लेख पुढे येईल.

कायद्याचा प्रवेश

१९४८ ची चाचणी हा शास्त्रज्ञांनी स्वतःवर घालून घेतलेला निर्बंध होता. कायद्याने तशी सक्ती नव्हती. अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलामाइडचे एक द्रवरूप औषध डायएथिलीन ग्लायकोल या विषारी द्रवात बनविले गेल्यामुळे शंभरांहून अधिक माणसे दगावली, आणि १९३८ च्या कायद्याने औषध विक्रीस आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा मागितला. ते गुणकारी असल्याचा पुरावा मागितला नव्हता. थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर ऑक्टोबर १९६२ मध्ये झालेल्या केफॉव्हर-हॅरिस दुरुस्तीने पुरेशा व सुनियंत्रित चाचण्यांतून औषधाचा गुण सिद्ध करणे उत्पादकांवर बंधनकारक केले.

चाचणी सुनियंत्रित असावी, असे कायद्याने म्हटले. परंतु विश्लेषण सुनियंत्रित असणे म्हणजे काय, हे त्यात कोठेच नव्हते. ही उणीव उघडकीस येण्यास अठरा वर्षे लागली.

अँटुरेन प्रकरण

सल्फिनपायराझोन हे मुळात संधिवाताच्या एका प्रकारावरील औषध. अँटुरेन या नावाने ते विकले जाई. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचा अकस्मात मृत्यू त्यामुळे टळतो काय, हे पाहण्यासाठी अमेरिका व कॅनडात एक मोठी चाचणी घेण्यात आली. यादृच्छिक वाटप होते, निरौषध गोळी होती, रुग्ण व डॉक्टर दोघांपासूनही गुप्तता राखलेली होती. १९७८ व १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि अकस्मात मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याच्या वार्तेने वैद्यकविश्वात मोठा उत्साह निर्माण झाला.

अन्न व औषध प्रशासनातील रॉबर्ट टेंपल व गॉर्डन प्लेजर या परीक्षकांनी मूळ नोंदी मागवून त्या एकेक करून पाहिल्या. डिसेंबर १९८० मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी आपली टीका प्रसिद्ध केली. ती आजही वाचण्याजोगी आहे. चाचणीत एकूण १,६२९ रुग्ण घेतले गेले होते : ८१३ औषधाच्या गटात, ८१६ निरौषध गोळीच्या गटात. यांपैकी ७१ रुग्ण मुळात चाचणीस पात्रच नव्हते, असे नंतर ठरवून त्यांना हिशेबातून वगळण्यात आले होते. वगळलेल्यांत औषधाच्या गटातील ३८ जण होते आणि त्यांपैकी १० मरण पावले होते. दुसऱ्या गटातील ३३ होते आणि त्यांपैकी ४ मरण पावले होते.

यातील मेख ध्यानात घेतली पाहिजे. केवळ पात्र मानलेले रुग्ण मोजले, तर मृत्यू ६४ विरुद्ध ८५, म्हणजे शेकडा ८.३ विरुद्ध १०.९ होतात, आणि औषधाचा गुण जवळजवळ सिद्ध झाल्यासारखा वाटतो. चाचणीत घेतलेले सर्व रुग्ण मोजले, तर मृत्यू ७४ विरुद्ध ८९, म्हणजे शेकडा ९.१ विरुद्ध १०.९ होतात, आता हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. आकडे खोटे नव्हते. कोणीही रुग्ण कल्पनेतून निर्माण केला नव्हता. वजाबाकी तेवढी नंतर केली गेली होती. मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरणही असेच सैल होते. अकस्मात मृत्यू कशास म्हणावे याची व्याख्या सर्व प्रकरणी सारखी लावलेली नव्हती आणि या विसंगतीचा लाभ एकंदरीत औषधाच्या बाजूला झाला होता. प्रशासनाने या उपयोगासाठी अँटुरेनला मान्यता दिली नाही.

भायखळ्यातील हिशेब आणि अँटुरेनचा हिशेब यांत ऐंशी वर्षांचे अंतर आहे, पण अडचण तीच. फरक एवढाच की हाफकिन यांची लस खरोखरच उपयोगी होती, तर येथे तसे सिद्ध होऊ शकले नाही. परिणाम कळल्यानंतर केलेली निवड एखाद्या वेळी सत्याकडेही नेते, आणि म्हणूनच ती अधिक फसवी ठरते. चाचणीत ज्याचे नाव एकदा लागले त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजावयाचे, हे तत्त्व संख्याशास्त्रज्ञांना आधीही ठाऊक होते. अँटुरेननंतर नियामक त्याच्या पालनाबाबत कठोर झाले.

संगणक आणि लेखापरीक्षणाची वाट

सत्तरच्या दशकापासून विश्लेषणाचे काम हळूहळू संगणकाकडे गेले. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात विकसित झालेली व १९७६ पासून स्वतंत्र कंपनीमार्फत विकली जाणारी ‘सॅस’ ही आज्ञावली औषध उद्योगाची जणू राजभाषा झाली. कागदावर खाडाखोड केली तर ती दिसते. संगणकात जुना आकडा पुसून नवा लिहिला तर मागे काहीच राहत नाही. या भयापोटी अमेरिकेत ऑगस्ट १९९७ पासून इलेक्ट्रॉनिक नोंदींचे स्वतंत्र नियम लागू झाले. कोणी, केव्हा, कोणती नोंद बदलली याची तारीख-वेळेसह माग काढता येईल अशी स्वयंचलित व्यवस्था हवी आणि नव्या नोंदीने जुनी नोंद झाकली जाता कामा नये, असा त्यांचा आशय होता. आपल्याकडील तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीमागील तत्त्व याहून फार निराळे नाही.

पुढील वर्षी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, युरोप, अमेरिका व जपान येथील नियामक आणि उद्योग यांच्या संयुक्त परिषदेने ‘ई-९’ ही संख्याशास्त्रीय तत्त्वांची मार्गदर्शिका संमत केली. विश्लेषणाची योजना तपशीलवार लिहून ठेवावी आणि कोणास औषध मिळाले हे गुपित उघडण्यापूर्वी ती अंतिम करावी, हा तिचा गाभा आहे. गणनेसाठी वापरलेली आज्ञावली विश्वसनीय असावी आणि तिच्या तपासणीची कागदपत्रे उपलब्ध असावीत, असेही तीत म्हटले आहे. अँटुरेनचा धडा येथे नियमाच्या भाषेत आला. उल्लेखनीय गोष्ट अशी की आज्ञावली कोणती असावी हे नियामकांनी कधीच ठरविले नाही. अमेरिकी प्रशासनाने २०१५ मध्ये तसे जाहीर स्पष्टीकरणही दिले.

अर्थात, लेखी योजना म्हणजे प्रामाणिकपणाची हमी नव्हे. रोफेकॉक्सिब या वेदनाशामक औषधाची ‘व्हिगर’ चाचणी नोव्हेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पोटाच्या तक्रारी मोजण्याची अंतिम तारीख एक आणि हृदयविकाराचे झटके मोजण्याची तारीख तिच्या महिनाभर अलीकडची, अशी व्यवस्था होती. औषध घेणाऱ्या तीन रुग्णांना आलेले झटके त्यामुळे प्रसिद्ध झालेल्या लेखात आलेच नाहीत. औषध सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले आणि त्या नियतकालिकाच्या संपादकांनी डिसेंबर २००५ मध्ये या लेखाविषयी आपली चिंता जाहीरपणे नोंदविली.

ड्यूक विद्यापीठ : अपारदर्शक गणिताचा पहिला मोठा अपघात

येथवरच्या प्रत्येक प्रकरणात निवड माणसाने केलेली होती आणि मूळ कागदपत्रे पाहणाऱ्यास ती शोधता येत होती. इ. स. २००६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी नेचर मेडिसिन या नियतकालिकात जे काम प्रसिद्ध केले त्याचे स्वरूप निराळे होते. कर्करोगाच्या गाठीतील हजारो जनुकांच्या हालचालीवरून कोणते औषध कोणत्या रुग्णास लागू पडेल याचे भाकीत करणारी गणिती प्रारूपे आपण तयार केली आहेत, असा त्यांचा दावा होता. २००७ पासून रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या आणि त्या चाचण्यांत कोणास कोणते औषध द्यावे यासाठी या प्रारूपांचा कौल घेतला जाऊ लागला.

टेक्सास राज्यातील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राचे कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्ब्ज हे दोघे संख्याशास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांना ही पद्धत वापरता यावी म्हणून ते गणित पुन्हा करून पाहू लागले. ते जुळेना. प्रसिद्ध लेखात गणिताची कृती पुरेशी दिलेली नव्हती, तेव्हा उपलब्ध आकड्यांवरून उलट दिशेने जाऊन मूळ कृती काय असावी हे त्यांना शोधावे लागले. त्यातून जे बाहेर आले ते कोणत्याही कारकुनाला समजेल असे होते. तक्त्यातील एक ओळ सरकल्यामुळे जनुकांची नावे चुकीच्या आकड्यांसमोर गेली होती. काही ठिकाणी औषधाला दाद देणाऱ्या व न देणाऱ्या पेशींची लेबले उलटी लागली होती. याचा अर्थ रुग्णाच्या दृष्टीने भयंकर आहे, कारण असे प्रारूप त्याला नेमके निरुपयोगी ठरणारे औषध सुचविणार.

त्यांचा लेख २००९ मध्ये संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात आला, कारण वैद्यकीय नियतकालिकांना हा वाद क्लिष्ट वाटत होता. चाचण्या थांबविण्यात आल्या, विद्यापीठाने चौकशी करून २०१० च्या आरंभी त्या पुन्हा सुरू केल्या आणि अखेर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कायमच्या बंद केल्या. मूळ लेख जानेवारी २०११ मध्ये मागे घेतला गेला. मध्यंतरीची ती पुन्हा सुरुवात या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब होय. सर्व कागद समोर असताना, चुका दाखवून दिलेल्या असताना, एका नामांकित संस्थेची चौकशी त्या पाहू शकली नाही.

अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने मार्च २०१२ मध्ये या संबंधात विस्तृत अहवाल दिला. गणनेची संपूर्ण कृती रुग्णावर वापरण्यापूर्वी ‘कुलूपबंद’ करावी, म्हणजे तिच्यात पुढे बदल होणार नाही अशी ती गोठवावी, आणि ती स्वतंत्र नमुन्यांवर पारखून घ्यावी, ही त्या अहवालातील मुख्य शिफारस होती. मोहोरबंद लिफाफ्यात पूर्वी रुग्णाचा गट असे. आता सबंध गणितच त्या लिफाफ्यात घालण्याची सूचना आली. कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधीचे आजचे नियम पाहता त्यांचे मूळ संगणकशास्त्राच्या कोणत्याही घोषणेपेक्षा या अहवालात अधिक स्पष्टपणे सापडते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे आगमन

औषधांच्या प्रस्तावांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा अंश असण्याचे प्रमाण २०१६ नंतर झपाट्याने वाढले. तेव्हापासून असे पाचशेहून अधिक प्रस्ताव आपणाकडे आल्याचे अमेरिकी प्रशासनाने २०२५ चा मसुदा प्रसिद्ध करताना सांगितले. हा वापर एका जातीचा नाही. युरोपीय औषध संस्थेने विचारात घेतलेल्या दोन पद्धतींवरून त्यातील भेद कळतो.

पहिली पद्धत २०२२ च्या सप्टेंबरात मान्य झाली. जुन्या चाचण्यांच्या माहितीवर शिकविलेले प्रारूप नव्या चाचणीतील प्रत्येक रुग्णाची, उपचारापूर्वीच्या नोंदींवरून, पुढे काय अवस्था होईल याचे भाकीत करते. हे भाकीत विश्लेषणात एक पूरक घटक म्हणून वापरले की थोड्या रुग्णांतही औषधाचा परिणाम अधिक नेमका मोजता येतो. यंत्र नवे असले तरी युक्ती जुनीच आहे. रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांसाठी सहचलांचे विश्लेषण मांडले त्याला नव्वद वर्षे होऊन गेली. यादृच्छिक वाटप कायम असल्यामुळे भाकीत चुकले तरी निष्कर्ष एका बाजूस झुकत नाही, केवळ लाभ कमी होतो. नियामकांनी येथे फारशी कुरकूर केली नाही, ती याच कारणाने.

दुसरी पद्धत अधिक नाजूक आहे. मेदामुळे यकृतास सूज आणणाऱ्या एका रोगाच्या औषध-चाचण्यांत यकृताच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते आणि रोग कितपत उतरला हे तिच्यावरून ठरते. तज्ज्ञांची मते येथे एकमेकांशी फार कमी जुळतात, म्हणून तीन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे पाहून एकमत करण्याची प्रथा पडली. १९४८ चे तीन वाचक ते हेच. मार्च २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने ‘एम-नॅश’ या साधनास मान्यता दिली. ५९ विकृतिशास्त्रज्ञांनी पाच हजारांहून अधिक नमुन्यांवर केलेल्या एक लाखाहून अधिक टिपणांवर ते शिकविलेले आहे. तीन तज्ज्ञांऐवजी एक तज्ज्ञ व हे साधन, असा बदल त्यामुळे शक्य झाला, आणि वाचनातील चढउतार घटल्याचे संस्थेने नमूद केले. मान्यता मात्र साधनाच्या एका विशिष्ट, गोठविलेल्या आवृत्तीस आहे. त्यात महत्त्वाचा फेरबदल केल्यास पुन्हा मान्यता घ्यावी लागेल.

हे नाजूक अशासाठी की येथे यंत्र आकड्यांचे गणित करत नाही, तर आकडे निर्माण करते. १९४८ मध्ये तीन वाचक एकाच दिशेने चुकण्याचा संभव कमी होता, कारण ते तीन वेगळ्या नजरांचे होते. एकाच साधनाची चूक मात्र जगातील प्रत्येक चाचणीत त्याच दिशेने होईल. चढउतार नसणे आणि अचूक असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षीच शिकविले जाते, पण निर्णयाच्या वेळी पहिलीवरच समाधान मानण्याचा मोह होतो. एक तज्ज्ञ मध्ये ठेवण्याची अट त्यामुळेच योग्य आहे. यंत्राच्या उत्तराला तो तज्ज्ञ प्रत्यक्षात किती वेळा नकार देतो, हे पुढील काळात मोजले गेले पाहिजे.

युरोपच्या २०२४ च्या विचारपत्राने निर्णायक चाचण्यांच्या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे : प्रारूप व माहितीवर प्रक्रिया करण्याची सर्व साखळी गुपित उघडण्यापूर्वी गोठवावी, ती विश्लेषणाच्या योजनेत नोंदवावी आणि चाचणी चालू असता शिकत राहणारे प्रारूप वापरू नये. अमेरिकेच्या मसुद्याची रीत वेगळी आहे. तो सात पायऱ्या सांगतो. आपणास कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे, त्यात प्रारूपाची नेमकी भूमिका कोणती, त्याच्या उत्तराचे निर्णयावर किती वजन आहे आणि ते उत्तर चुकल्यास रुग्णावर काय प्रसंग ओढवेल, हे आधी ठरवावयाचे आणि त्या धोक्याच्या मानाने पुरावा द्यावयाचा. पहिल्या रीतीत कुलूप आहे, दुसरीत तराजू. तराजूची रीत लवचीक खरी, पण धोका किती आहे हे प्रथम कंपनीच मांडते, हा तिच्यातील कच्चा दुवा आहे. (जून २०२५ मध्ये याच प्रशासनाने आपल्या परीक्षकांच्या मदतीस ‘एल्सा’ नावाचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन दिले. टेंपल व प्लेजर यांनी नोंदी एकेक करून वाचल्या होत्या, याचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही.)

कुलूपाच्या उपायालाही मर्यादा आहे. ई-९ मधील योजना वाचून परीक्षकास कळत असे की कोणते रुग्ण मोजले जातील व कोणते नाहीत. गोठविलेल्या प्रारूपात लक्षावधी गुणांक असतात. ते बदललेले नाहीत एवढे सिद्ध करता येते. त्यांत काय ठरवून ठेवले आहे हे वाचता येत नाही. शिवाय कुलूप लावण्यापूर्वी किती प्रारूपे करून पाहिली आणि त्यांतले हेच का निवडले, हा प्रश्न कुलूपाबाहेरच राहतो. अँटुरेनमधील वजाबाकी ७१ नावांची होती, म्हणून ती सापडली.

भारतातील स्थिती

भारतात औषध-चाचण्यांसंबंधीचे नियम प्रथम १९८८ मध्ये ‘अनुसूची वाय’च्या रूपाने आले आणि २००५ मध्ये त्यांत मोठी सुधारणा झाली. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली व जून २००९ पासून तीत नोंद करणे सक्तीचे झाले. स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेल्या आदेशांनी चाचण्यांवरील देखरेखीचे स्वरूप पालटले, आणि १९ मार्च २०१९ रोजी नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम अस्तित्वात आले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधी नैतिक मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. जबाबदारी, पारदर्शकता, संमती यांविषयी त्यांत चांगले विवेचन आहे; तथापि ती तत्त्वे आहेत, औषधाच्या प्रस्तावाबरोबर कोणता पुरावा जोडावा हे सांगणारे नियम नव्हेत.

हा सर्व विषय परदेशीयांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. चाचण्यांची माहिती स्वच्छ करणे, तक्ते बनविणे, विश्लेषणाच्या आज्ञावली लिहिणे हे काम पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथील कार्यालयांत मोठ्या प्रमाणावर चालते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून संख्याशास्त्राची पदवी घेतलेले कित्येक तरुण याच व्यवसायात आहेत. कुलूप लावण्याचे प्रत्यक्ष काम त्यांच्या हातून होते.

२०१९ चे नियम चाचणीच्या आराखड्यात विश्लेषणाची योजना मागतात. ती पाहून चाचणीस परवानगी देण्याचे काम नैतिक समितीचेही आहे. या समितीत किमान सात सदस्य असावेत, त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्रज्ञ यांसारखा एक स्वतंत्र सदस्य असावा, असे नियम सांगतात. संख्याशास्त्रज्ञ असलाच पाहिजे, अशी अट त्यांत नाही. १९९८ च्या योजनेपुरते हे निभावून गेले, कारण ती योजना साध्या भाषेत लिहिलेली असे आणि चिकाटीने वाचणाऱ्या डॉक्टरला समजत असे. यापुढे समितीच्या पुढ्यात येणाऱ्या कागदावर प्रारूपाचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि ते गोठविल्याची तारीख एवढेच असेल, आणि त्या तारखेपूर्वी काय घडले हे विचारू शकेल असा माणूस त्या टेबलाभोवती असण्याची सक्ती आजच्या नियमांत कोठेही नाही.